टेडचा घोटा, माझा पाय

माझा डावा पाय आता गुडघ्याखाली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला पुढं काय होणार याचा घोर नको. मी जिवंत आहे. टेक्सासमध्ये शुगर लँडला मुलीकडं राहतो, जेवतो, भांडतो. मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या बाई म्हणाल्या, काका, तुमच्यावर बेतलं ते लिहा, इथं घराघरात डायबिटीस आहे, कुणाला तरी उपयोग होईल. मी म्हटलं, मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, सगळा जन्म फटफट्या खोलण्यात गेला. त्या म्हणाल्या, बोलता तसंच लिहा. म्हणून लिहितोय. शुद्धलेखन त्यांनी बघावं.

यात एका इंग्रज माणसाची हकिगत येणार आहे. त्याचं नाव टेड. तो डॉक्टर नव्हता, फटफटीच्या शर्यती मारायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. पण माझा पाय गेला त्यात त्याचा हात आहे आणि मी वाचलो त्यातही आहे, म्हणून त्याला वगळून सांगता येत नाही.

तळवे

डायबिटीस मला सांगलीत असल्यापासून. गोळ्या घेत होतो, गोडही खात होतो. हळूहळू पायांची जाणीव गेली. म्हणजे दुखत नाही, टोचत नाही, चप्पल पायात आहे की निसटली तेही खाली बघितल्याशिवाय कळत नाही. मला वाटायचं, बरं आहे, कटकट गेली.

माझी बायको शालन रोज संध्याकाळी माझे तळवे बघायची. चष्मा लावून, बॅटरी घेऊन. गॅरेजमध्ये मी स्पार्क प्लग बघायचो तसं. कुठं चीर दिसली की बोलणी खायची आणि मलम लावून घ्यायचं. आम्ही दोघं मुलीकडं कायमचे आलो तेव्हा इथंही ते चालू होतं. मग एका सकाळी ती चहाला उठली नाही. हार्ट. डॉक्टर म्हणाले तिला काही कळलं नसेल. मलाही काही कळलं नाही, मी शेजारीच झोपलो होतो.

त्यानंतर माझे तळवे कुणी बघितले नाहीत. मीही नाही. माणसाला स्वतःचा तळवा सहज दिसत नाही, माझ्या वयाला तर नाहीच. कंबर वाकत नाही. आणि खरं सांगायचं तर मला बघायचं नव्हतं.

फरशी

शालनचं वर्षश्राद्ध ऑगस्टमध्ये आलं. घरी गुरुजी येऊन गेले. दुपारी आम्ही देवळात गेलो. इथलं देऊळ मोठं आहे, बाहेरून प्रदक्षिणेला दगडी फरशी आहे. टेक्सासचा ऑगस्ट ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. चपला बाहेर काढायच्या. फरशीवर मधोमध पांढऱ्या रंगाचा पट्टा मारलाय, त्यावर जरा कमी तापतं. त्या पट्ट्यावरून लोक अक्षरशः उड्या मारत जात होते. पोरं किंचाळत होती. मी पट्ट्याच्या बाजूनं, तापल्या फरशीवरून, सावकाश, हात जोडून चाललो होतो. मला काहीच लागत नव्हतं. शालनच्या नावानं जेवढ्या बोलल्या होत्या तेवढ्या प्रदक्षिणा घातल्या.

एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, बघा, काकांची निष्ठा बघा, नाहीतर तुम्ही. मला बरं वाटलं. मी आणखी एक प्रदक्षिणा घातली.

श्रद्धा वगैरे काही नव्हतं ते. नसा मेल्या होत्या. पण हे तिथं कुणालाच कळलं नाही, मला धरून.

दोन दिवसांनी मोजा ओला लागला. घाम असेल म्हटलं. मग खोलीतल्या कार्पेटवर डाग दिसायला लागले. इथं बेडरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असतं, फिकट रंगाचं, त्यावर काही लपत नाही. डाव्या पायाचेच डाग. मी भांड्याच्या साबणानं ते पुसून काढले. वंदनानं, माझ्या मुलीनं, विचारलं, आप्पा, चहा सांडला का? मी म्हटलं हो.

पायाचं काय? ठीक आहे. चालताना लंगडताय का? नाही. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ? कशाला.

हे असं बोलायचं मी टेडकडून शिकलो होतो.

टेड

साठ सालाच्या पुढंमागं माझे मामा इंग्लंडला ओतकामाच्या कारखान्यात होते. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी मिसरूड फुटलेला पोरगा. कारखान्यात माझं काही जमलं नाही, भट्टीपुढं चक्कर यायची. कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर टेडचं फटफट्या दुरुस्तीचं दुकान होतं. मी सांगलीला मिस्त्रीच्या हाताखाली काम केलं होतं. टेडनं एक कार्बोरेटर पुढं टाकला, मी खोलून, धुऊन, परत जोडला. तो म्हणाला सोमवारी ये. माझं नाव दत्तू. ते त्याला येईना, म्हणून मला डॅन म्हणायचा.

टेड तेव्हा तिशी उलटलेला असेल. डाव्या पायानं लंगडायचा. आणि लंगडत लंगडत दर शनिवारी स्पीडवे खेळायचा.

स्पीडवे म्हणजे काय ते सांगतो. कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान असतं ना, लांबट गोल, त्याच्या कडेनं कोळशाच्या राखेचा ट्रॅक. चार गडी, चार फेऱ्या, एका मिनिटाच्या आसपास खेळ खलास. पहिल्याला तीन पॉइंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला काही नाही. कायम डावीकडंच वळायचं. फटफटीला गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा टेडला म्हणालो, अहो, ब्रेक बसवायचा राहिलाय. अख्खं दुकान हसलं. वळणावर वेग कमी करायचा नसतो, मागचं चाक घसरवायचं असतं. डाव्या बुटाला लोखंडी तळ बांधायचा आणि तो पाय राखेत घासत, सगळा भार त्याच्यावर टाकत, आडवं व्हायचं. म्हणजे सगळा खेळ डाव्या पायावर.

इंजिनात एरंडेल घालायचे. खरंच एरंडेल. ते जळल्याचा गोडसर वास सगळ्या मैदानावर असायचा, बायका-पोरं तो वास हुंगायला म्हणून यायची. मला लहानपणी आईनं नाक दाबून पाजलेलं आठवायचं.

टेडचं सगळं करिअर मला तुकड्यातुकड्यानं कळलं. थोडं त्यानं सांगितलं, जास्त गिऱ्हाइकांनी. लढाई संपली तेव्हा तो पोरगा होता. बॉम्बनं घरं पडलेल्या जागा होत्या, विटा बाजूला करून तिथं पोरं सायकलींवर हाच खेळ खेळायची. टेड त्यातला राजा. मग कुणाची तरी मोडकी फटफटी मिळवली, सकाळी ट्रॅक मोकळा असताना पडत उठत शिकला. तीन वर्षांत गावच्या टीमचा पहिला गडी. त्या काळात शनिवारी हजारोंनी माणूस लोटायचा. बायका टीमच्या रंगाचे मफलर विणायच्या. टेडच्या तोंडाचे बिल्ले विकले जायचे. एका हिवाळ्यात तो बोटीनं ऑस्ट्रेलियालाही खेळून आला, कारण तिकडं तेव्हा उन्हाळा.

आणि मग त्याची ती प्रसिद्ध गोष्ट. लंडनच्या मोठ्या फायनलला त्याची निवड झाली होती. त्याच्या थोडंच आधी एका साध्या सामन्यात दुसऱ्याचं चाक त्याच्या डाव्या घोट्यावरून गेलं. घोटा मोडला. टेडनं बूट काढलाच नाही. सूज यायच्या आत वाद्या आवळून टाकल्या. ट्रॅकवर डॉक्टर असतो, त्याची परवानगी लागते. डॉक्टरनं विचारलं, पाय कसा आहे? टेड म्हणाला, एकदम ठीक. आणि उड्या मारून दाखवल्या. लंडनला जाऊन मोडक्या घोट्यानं खेळला.

त्या गावात ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की मीच बघितल्यासारखी सांगायला लागलो. पुढं सांगलीला येऊन स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा हाताखालच्या पोरांना सांगायचो. बोट कापलं म्हणून रडताय? आमचा टेड घोटा मोडून खेळला. एकदा मी टेडला विचारलं होतं, डॉक्टरला खोटं का सांगितलं? तो म्हणाला, "गाडी डॉक्टर चालवत नाही, डॅन."

हे वाक्य मी पन्नास-साठ वर्षं वापरलं.

मोजा उतरवला तेव्हा

डागांनंतर काही दिवसांनी, रात्रीचं जेवण अजून व्हायचं होतं. टेबलावर बसलो आणि थंडी भरून आली. बाहेर उकाडा, आत एसी, पण ही थंडी वेगळी. दात वाजायला लागले. जावई श्रीधर कमी बोलणारा माणूस आहे. त्यानं माझ्या कपाळाला हात लावला, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, आप्पा, चला. मी म्हटलं, क्रोसिन दे, झोपतो. तो म्हणाला, मी विचारत नाहीये.

इमर्जन्सीत एका नर्सनं माझा मोजा काढला. मोज्याबरोबर कातडी आली. वंदना तिथंच उभी होती. ती बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता.

"कधीपासून आहे हे?"

मी म्हटलं, आत्ताचंच.

"आप्पा, वास येतोय. आत्ताचं नाहीये हे. कार्पेटवर चहा सांडला म्हणालात तुम्ही. आई असती तर—"

"नाही ना ती," मी म्हणालो.

श्रीधर भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत बसला.

आतले दिवस

ज्यांना इथल्या हॉस्पिटलात राहायची वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिवळे मोजे घातले म्हणजे समजायचं की हा माणूस पडू शकतो. माझ्या एकाच पायात पिवळा मोजा होता. पलंगावरून उठायला गेलं की पलंग ओरडतो, त्याला भोंगा लावलेला असतो. पहाटे रक्त काढायला येतात, झोपेतून उठवून झोप लागली का विचारतात. भिंतीवर पांढरा फळा असतो, त्यावर नर्सचं नाव आणि आजचं उद्दिष्ट लिहितात. माझ्या फळ्यावर रोज लिहिलेलं असायचं, दुखणं आटोक्यात. दुखणं नव्हतंच, तोच तर घोळ होता.

दिवसाची नर्स लिसी, केरळची. मला अंकल म्हणायची, हिंदीत बोलायची, तिची हिंदी आणि माझी हिंदी दोन्ही मोडक्या, पण भागायचं. तिच्याकडं एक कपाट होतं, त्यात पांघरुणं गरम करून ठेवतात. ताप चढायच्या आधी थंडी वाजायची तेव्हा ती गरम पांघरूण आणून गळ्यापर्यंत घालायची. मोठमोठी औषधं देऊन झाली माझ्यावर. पण आठवतं ते पांघरूण.

शालन गेल्यापासून मला जगायचं होतं का? हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ठाम उत्तर देता आलं नसतं. जेवायला आलं की जेवायचो. एवढंच.

वंदनाचं भाषांतर

सर्जन एक उंच बाई होत्या. हळू बोलायच्या, आणि बोलताना खुर्ची ओढून बसायच्या, उभ्यानं कधी बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, इन्फेक्शन हाडात गेलंय. खाली रक्त पुरेसं पोचत नाही, त्यामुळं औषधही पोचत नाही. दोन बोटं काढून बघू शकतो, पण त्याचा भरवसा कमी. खरं तर गुडघ्याखाली पाय काढावा असं माझं मत आहे. उशीर झाला तर जिवावर बेतेल.

वंदना माझ्याकडं वळून म्हणाली, "आप्पा, त्या म्हणतायत थोडं साफ करावं लागेल. दोन बोटं जरा खराब आहेत. मग औषधांनी बरं होईल."

मी मान हलवली.

आता गंमत बघा. मी इंग्लंडात राहिलेला माणूस. इथल्या लोकांचा उच्चार मला नीट कळत नाही, पटकन उत्तर देता येत नाही, म्हणून मी बोलत नाही. त्यामुळं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय की आप्पांना इंग्रजी येत नाही. पण सर्जन बाई हळू बोलत होत्या. मला शब्द न् शब्द कळला होता.

मी वंदनाला तसं म्हणालो नाही. तिच्याकडं बघितलं. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी काय करू विचारते तसा. तिनं तो आवाज काढण्यासाठी किती जोर लावला असेल ते मला दिसत होतं. आपल्याकडं ही रीतच आहे. माझ्या वडिलांना कॅन्सर झाला तेव्हा आम्ही सगळ्या भावांनी त्यांना अल्सर सांगितला होता. ते अल्सरची औषधं मागत मेले.

तर असं चाललं होतं. मी तिला म्हणायचो, ठीक आहे. ती मला म्हणायची, ठीक होणार आहे. दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही वाटत होतं आपण दुसऱ्याला सांभाळतोय.

वंदनानं सर्जन बाईंना आधी बोटंच काढून बघा म्हणून सांगितलं. दोन बोटं काढली. ताप गेला नाही. उलट काळेपणा वर सरकला. वंदना फोनवर फोन करत होती, दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, पुण्याचा कुणी वैद्य, ऑक्सिजनच्या पेटीत बसवतात ते. तिनं ऑफिसातून रजा घेतली होती. श्रीधर म्हणाला, वंदना, जेव तरी. तर ती त्याच्यावर ओरडली, तुझे वडील नाहीयेत ते. तो बाहेर गेला आणि थोड्या वेळानं दोन कॉफी घेऊन आला.

एक पॉइंट

तापात डोकं मागं जातं. मला टेडचं दुकान दिसायला लागलं. आणि एक गोष्ट आठवली, जी मी कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी नव्हती.

टेडचा शेवटचा सीझन होता. मी शनिवारी त्याच्याबरोबर जायचो, फटफटी ढकलायची, साखळीतली राख काढायची, हे माझं काम. तोपर्यंत खेळाची रया गेली होती. लोकांच्या घरात टीव्ही आले, करमणूक कर लागला, बरेच ट्रॅक विकून घरं बांधली. आमच्या गावचा ट्रॅक मध्ये काही वर्षं बंदच होता, परत उघडला तेव्हा टेड जुना गडी म्हणून खालच्या टीममध्ये आला. घोटा वाकडा जुळला होता, त्यामुळं वळणावर भार टाकता यायचा नाही. चौथा यायचा. कधी तिसरा. स्टँडमध्ये बसलेले म्हातारे तरीही त्याच्या नावानं ओरडायचे.

एके दिवशी एक गिऱ्हाईक दुकानात आला आणि नेहमीप्रमाणं आपल्या मुलाला सांगायला लागला, हा बघ, हाच तो, मोडक्या घोट्यानं लंडनची फायनल खेळला. मुलानं टेडशी हात मिळवला. ते गेल्यावर टेड चहा ओतत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाच शर्यती खेळलो मी तिथं, डॅन. एक पॉइंट मिळाला. हे कुणी विचारत नाही."

मी म्हटलं, एकच?

"एक. आणि तोही पुढचा पडला म्हणून. डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर फायनल गेली असती. घोटा सरळ जुळला असता. पुढं दहा वर्षं असती माझ्यापुढं." मग त्यानं कप माझ्याकडं सरकवला. "साखर घे."

तेव्हा मी विशीतला होतो. मला ते ऐकायला आवडलं नाही. मी साखर घेतली आणि ती गोष्ट तिथंच सोडून दिली. गाडी डॉक्टर चालवत नाही, हे वाक्य घेऊन सांगलीला आलो, दुसरं इंग्लंडात ठेवून आलो.

पडद्यावरची बाई

बोटं काढल्यानंतर चारेक दिवसांत सर्जन बाईंनी वंदनाला नम्रपणं सांगितलं की आता निर्णय मोठा आहे, हॉस्पिटलच्या नियमानं आम्हाला आमचा दुभाषी लागेल. घरचं माणूस चालत नाही. लिसी एक चाकांचा खांब ढकलत घेऊन आली, त्यावर टॅबलेट बसवलेला. पडद्यावर एक मराठी बाई. कुठल्या राज्यात बसल्या होत्या कोण जाणे. त्यांनी आधीच सांगितलं की मी फक्त बोललेलं सांगणार, माझ्या पदरचं काही नाही.

या दुभाष्यांची एक पद्धत असते. डॉक्टर मी म्हणाला की ते पण मी म्हणतात. त्यामुळं ती पडद्यावरची बाई, केस नीट बांधलेली, कानात कुड्या, शांतपणं मला म्हणाली, "मला तुमचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. मी तो आज किंवा उद्या कापू इच्छिते." मला हसू आलं. मागून वंदनाचा हुंदका ऐकू आला.

बाई पुढं म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणू शकता. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुम्हाला वेदना होऊ देणार नाही, पण तुम्ही बहुतेक जगणार नाही. तुम्हाला काय हवंय?"

वंदना मध्ये पडली. इंग्रजीत म्हणाली, माझ्या वडिलांना हे सगळं आत्ताच कळतंय, त्यांना वेळ द्या. दुभाषी बाईंनी तेही इमानदारीत मराठीत सांगितलं.

मी म्हणालो, "वंदना, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

ती पलंगाजवळ आली. "तुम्हाला कळत होतं? त्या काय म्हणतायत ते?"

"हळू बोलतात त्या."

"मग बोललात का नाही?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

पडद्यावरची बाई हेसुद्धा इंग्रजीत सांगायला लागली. सर्जन बाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"मला वाटलं," वंदना म्हणाली, "तुम्ही ऐकलंत तर सोडून द्याल. आई गेल्यापासून तुम्ही तसेच आहात. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, राहू दे."

तिचं बरोबर होतं. मी तेच म्हणणार होतो. राहू दे, ठीक आहे, अख्ख्या अंगानं जातो. लोकांनी म्हटलं असतं, आप्पा शेवटपर्यंत स्वतःच्या पायावर होते. ऐकायला बरं वाटलं असतं. पण ते ऐकायला मी नसतो, आणि वंदना असती. ती जन्मभर तिच्या त्या साध्या आवाजात सांगत राहिली असती की थोडं साफ करायचं होतं फक्त.

मी तिला टेडचा एक पॉइंट सांगितला. टेडची घोट्याची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती, पाठ होती तिला. पॉइंटांचं तिनं कधी विचारलं नव्हतं. ऐकून ती म्हणाली, "एवढ्यासाठी घोटा घालवला?" मी म्हटलं, एवढ्यासाठीच. मग सर्जन बाईंकडं वळलो आणि कारखान्याच्या मागल्या रस्त्यावर शिकलेल्या इंग्रजीत म्हणालो की काढा, उद्या नको, आज काढा. त्यांना माझा उच्चार समजला नाही. दुभाषी बाईंनी परत सांगितलं.

पायाचं काय करायचं

हा प्रश्न कुणी पुस्तकात लिहीत नाही म्हणून लिहितो. पाय काढल्यावर पायाचं काय? हॉस्पिटल विचारतं, आम्ही विल्हेवाट लावू की तुम्हाला हवाय? वंदनाचं म्हणणं, दहन व्हायला हवं. तिनं वर्षश्राद्धाला आलेल्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी गोंधळले. म्हणाले, शास्त्रात बघून सांगतो. श्रीधर इतक्या दिवसांत पहिल्यांदा विनोद करता झाला, म्हणाला, आप्पा, अर्ध्या माणसाचे अर्धे मंत्र. वंदना त्याच्यावर डोळे वटारून स्वतःच हसली. मी म्हटलं, हॉस्पिटल काय करतं ते करू दे, माझं बाकीचं आलं की मंत्र म्हणा. गुरुजींचा फोन आला तोपर्यंत पाय गेला होता. ते म्हणाले, चालेल.

आता

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. मग व्यायामाचं केंद्र, दोन दांड्यांच्या मध्ये उभं राहणं, चाकाची खुर्ची, मग घर. खोटा पाय बसवलाय, पण त्याची माझी अजून गट्टी नाही. देवळात आता मी मोजा घालून जातो, बुटासकट खोटा पाय घेऊन. कुणी काही म्हणत नाही. म्हटलं तर सांगेन.

ज्यांना डायबिटीस आहे त्यांनी रोज तळवे बघा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. आरशात दिसत नसेल तर कुणाला तरी बघायला सांगा, लाज सोडून. उन्हात अनवाणी फिरू नका, देवासाठीसुद्धा. लागत नाही म्हणजे बरं आहे असं नसतं. आणि जी मुलं आईबापांना डॉक्टरचं बोलणं गाळून सांगतात त्यांना एवढंच म्हणतो, म्हाताऱ्यांना बहुतेक कळलेलं असतं.

शालन नाही याची सवय झालेली नाही. होईल असं लोक म्हणतात. त्यांना काय माहीत.

परवाची गोष्ट सांगून संपवतो. दुपारची वेळ. मी पलंगावर पडलो होतो, चादर अंगावर. वंदना घरूनच काम करत होती, जाता जाता दारातून डोकावली. काय हवंय का आप्पा? माझ्या तोंडात नेहमीचं उत्तर आलंच होतं. ते गिळलं. म्हटलं, डाव्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटली आहे.

मला वाटलं ती हसेल, किंवा घाबरून डॉक्टरला फोन लावेल. अंगठा तर कधीच गेला. ती आत आली, पलंगाच्या पायथ्याशी बसली. चादर जिथं सपाट होती, खाली काही नव्हतं, तिथं तिनं हात ठेवला.

"इथे?"

"जरा खाली."

तिनं हात खाली घेतला आणि नखांनी चादर खाजवली. बराच वेळ. कॉम्प्युटरवर तिला कुणीतरी बोलावत होतं, टुणटुण वाजत होतं.

"थांबली?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि खाजवत राहिली.